कर्नल मागे जातो, डिस्क जात नाही

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आरसी (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी-आवृत्ती) निघते ती बहुतेक रविवारी दुपारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. नागपुरात तेव्हा रविवार संपून मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून इथं ती दिसते सोमवारी सकाळी, ऑफिसात पहिला चहा येतो त्या सुमारास. तिच्यातल्या बदलांच्या यादीत बहुतेक ओळी ड्रायव्हरच्या आणि नेटवर्कच्या असतात, त्या वरवर चाळल्या तरी चालतं. पण आरसी६ किंवा आरसी७च्या यादीत फाइलसिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या कोडची) जाडजूड पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) दिसली की जाणकार माणूस आधी तीच उघडतो. बग कोणता होता हे तो नंतर बघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, हे आत्ताच का?

वेळापत्रक बहुतेकांना ठाऊक आहे. आधीची आवृत्ती निघाली की दोन आठवड्यांची मर्ज विंडो उघडते आणि नवं सगळं त्यात येतं. मग आरसी१, आणि पुढे दर आठवड्याला एक आरसी, सातपर्यंत, फार तर आठपर्यंत. म्हणजे एक आवृत्ती नऊ ते दहा आठवड्यांची. आरसी१ नंतर फक्त दुरुस्त्या घ्यायच्या असा दंडक आहे. दंडक सोपा वाटतो खरा, पण 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं यावरच सगळी भांडणं होतात.

फाइलसिस्टिमच्या बाबतीत हे भांडण जास्त तापतं, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. वायफायच्या ड्रायव्हरमध्ये चुकीचा पॅच (कोडमधला बदल) गेला तर वायफाय बंद पडतं. मशीन पुन्हा सुरू करा, ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून जुना कर्नल निवडा, विषय संपला. फाइलसिस्टिममध्ये चुकीचा पॅच गेला आणि तो तीन दिवस चालला, तर जुना कर्नल परत आणता येतो, पण त्या तीन दिवसांत डिस्कवर जे लिहिलं गेलं ते तसंच राहतं. जुना कर्नल मग त्या बिघडलेल्या डिस्कवर इमानेइतबारे काम करत बसतो. गिट रिव्हर्ट केल्यानं (बदल मागे घेतल्यानं) सोर्स कोड मागे जातो, डिस्कवरचे ब्लॉक मागे जात नाहीत. दुरुस्ती केव्हा घ्यायची याचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. पॅच किती ओळींचा आहे हे पुढचं झालं.

ओळींवर विसंबलं तर काय होतं याचं ढळढळीत उदाहरण ५.१२-आरसी१ हे आहे. २०२१च्या मर्ज विंडोत ब्लॉक लेयर (डिस्ककडे वाचन-लेखनाच्या विनंत्या पाठवणारा थर) आणि स्वॅपच्या (मेमरीतली पानं डिस्कवर ठेवण्याच्या) कोडमध्ये थोडी साफसफाई झाली. स्वॅप पार्टिशन वापरणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही. स्वॅप फाइल वापरणाऱ्यांची मात्र वाट लागली. स्वॅप फाइल डिस्कवर जिथून सुरू होते ते अंतर हिशोबात धरलंच जाईना, आणि मेमरीतली पानं फाइलच्या बाहेर, फाइलसिस्टिमच्या दुसऱ्याच ब्लॉकवर जाऊन पडू लागली. त्यात फाइलसिस्टिमच्या कोडचा काडीचाही दोष नव्हता, पण मेली फाइलसिस्टिमच. कर्नलचा प्रमुख लिनस टोरव्हाल्ड्स यानं त्या आवृत्तीच्या टॅगच्या नावालाच 'डोन्ट यूज' असं शेपूट जोडलं आणि आरसी२ रविवारची वाट न बघता शुक्रवारीच काढली. तिथं घाई रास्त होती. बग त्याच चक्रात आला होता, कारण सापडलेलं होतं, आणि एक दिवस थांबणं म्हणजे आणखी काही लोकांच्या डिस्क घालवणं. अशा वेळी आरसीचा क्रमांक कोणी विचारत नाही.

पॅच हातात आला की तो कुठल्या वाटेवर बसतो ते आधी बघावं. चुकीच्या सुपरब्लॉकवर (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकवर) कर्नल पॅनिक होऊ नये म्हणून घातलेली तपासणी, मेमरी लीक, लॉगमधला चुकलेला आकडा, हे आरसी६लाही जाऊ शकतं. डेडलॉकची (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकण्याची) दुरुस्ती थोडी अवघड. कुलूप लावण्याचा क्रम बदलला की एका जागचा अडथळा सुटून दुसऱ्या जागी तयार होतो, आणि तो कर्नलच्या कुलूप-तपासनीसाला, लॉकडेपला, दिसेलच असं नाही. तरी डेडलॉकनं मशीन थांबतं, खोटं लिहीत नाही. खरी धास्ती दोन वाटांची असते: डिस्कवर लिहिण्याचा क्रम, आणि मशीन अचानक बंद पडल्यावर चालणारा लॉग रिप्ले (अर्धवट बदलांच्या नोंदी वाचून ते पुरे करणं).

ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, कर्नलमधला जेबीडी२ हा भाग सांभाळतो. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मेटाडेटाचे (फाइलींविषयीच्या माहितीचे) ब्लॉक जर्नलमध्ये लिहायचे, मग डिस्कच्या कॅशला फ्लशचा हुकूम द्यायचा, आणि ते सगळं खाली पोचलं याची खात्री झाल्यावरच कमिट ब्लॉक (व्यवहार पुरा झाल्याची खूण) टाकायचा. या क्रमातला एक फ्लश कोणी 'अनावश्यक' म्हणून काढला, किंवा एखाद्या दुरुस्तीनं तो चुकून एका फांदीत राहून गेला, तर काय दिसेल? काहीच नाही. मशीन जोरात चालेल, सगळ्या चाचण्या हिरव्या येतील, कदाचित आकडे आधीपेक्षा बरेही दिसतील. गडबड उघडी पडेल ती वीज नेमक्या त्या काही मिलिसेकंदांत गेली तरच.

आणि वीज जाते, मे महिन्यात नागपुरात तर हमखास. पारा ४५च्या आसपास, कूलर आणि एसी एकाच वेळी सुरू, आणि यूपीएसची बॅटरी कुठल्या तरी जिन्याखालच्या बंद खोलीत. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. कागदावर अर्धा तास टिकणारा यूपीएस उन्हाळ्यात मिनिटभरात मान टाकतो तो त्यामुळं. धंतोली-रामदासपेठेत छोट्या इस्पितळांची आणि सोनोग्राफी सेंटरांची दाटी आहे. अशा ठिकाणी सर्व्हर म्हणून ठेवलेल्या साध्या पीसीत घरगुती दर्जाची एसएसडी असली, तर वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर तिच्यात बहुधा नसतात. थंडगार डेटा सेंटरमध्ये बसून लॉग रिप्लेचा कोड क्वचित चालतो असं म्हणणं सोपं आहे. इथं तो मे-जूनमध्ये आठवड्यातून दोनदा चालू शकतो. मेंटेनरनं (त्या कोडची जबाबदारी सांभाळणाऱ्यानं) धोक्याचं वजन करताना अशी मशीनंही धरायला हवीत.

काही दुरुस्त्या आणखी आडून मारतात. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक व्यवहारासाठी लॉगमध्ये आधी जागा राखून ठेवावी लागते. एखाद्या व्यवहाराला ती कमी पडते असं दिसलं तर दुरुस्ती उघड आहे, राखीव जागा वाढवा. दोन ओळींचा पॅच. पण लॉग कमीत कमी केवढा असावा हा आकडा त्याच हिशोबातून निघतो. राखीव जागा वाढली की तो किमान आकडाही वाढतो, आणि काही वर्षांपूर्वी लहान लॉग ठेवून बनवलेली धडधाकट फाइलसिस्टिम नव्या कर्नलवर माउंट व्हायलाच (वापरासाठी जोडली जायलाच) नकार देते. शेवटी मेंटेनरांना किमान आकारासाठी जुना हिशोब वेगळा जपून ठेवावा लागला. असं काही आरसी७ला गेलं तर चाचणीत सापडणं कठीण, कारण चाचणी करणारा दर वेळी नवी फाइलसिस्टिम बनवतो. जुनी असते ती लोकांकडे.

निघालेल्या आवृत्तीला दुरुस्त्या पुरवणाऱ्या स्टेबल शाखेत हा धोका दुप्पट होतो. तिथले नियम कागदावर कडक आहेत: पॅच आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेला हवा, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत हवा, खऱ्या बगवरचा हवा. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस ६.१.६४मध्ये गेलेला ईएक्सटी४चा पॅच या नियमांच्या चौकटीत बसणाराच होता. थेट डिस्कवर लिहिताना फाइलचा वाढलेला आकार नीट सिंक व्हावा, एवढाच त्याचा हेतू. मुख्य कर्नलमध्ये तो बिनचूक चालत होता, कारण त्याच्या आधी आयोमॅपमध्ये (फाइलसिस्टिमांच्या सामाईक कोडमध्ये) एक छोटा बदल झालेला होता. लिहून झाल्यावर फाइलमधली पुढची जागा केव्हा सरकवायची, ती वेळ या बदलानं थोडी पुढे नेली होती. ६.१च्या शाखेत तो बदल नव्हता. ईएक्सटी४चा पॅच एकटा आला, पुढच्या जागेचा हिशोब चुकला आणि डेटा बिघडू लागला.

डेबियन या लिनक्स वितरणाची १२.३ ज्या दिवशी बाहेर पडायची, त्याच दिवशी ही गोष्ट वर आली. डेबियननं १२.३ जागेवर थांबवली, ६.१.६६चा कर्नल घेतला आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. नागपुरात तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. अधिवेशनाच्या काळात इथल्या सरकारी कचेऱ्यांत सर्व्हरला सहसा कोणी हात लावत नाही. सावधपणापेक्षा काही बिघडलं तर उत्तर कोण देणार ही भीती त्यामागं जास्त असते, पण त्या आठवड्यात ती भीती कामाची होती.

या प्रकरणात बोलण्यासारखं बरंच आहे. दुरुस्तीच्या खाली 'फिक्सेस' अशी ओळ असते, तिच्यात मूळ चुकीच्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाच्या) ओळखखुणेचे पहिले बारा अंक असतात. स्टेबलमध्ये काही घेताना त्या अंकांवर गिट लॉगमध्ये शोध घेतला की त्या पॅचवर नंतर निघालेली दुरुस्ती सापडते. चांगली सवय, पण इथं ती उपयोगी पडली नसती. आयोमॅपचा बदल ही नंतरची दुरुस्ती नव्हतीच, ती आधीची गरज होती, आणि तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. गरज लिहायला जागा आहे: स्टेबलला पॅच पाठवणाऱ्या सीसी ओळीपुढं आधी कोणता कमिट लागेल ते नोंदवता येतं. पॅच लिहिणारा माणूस मुख्य कर्नलवर काम करत असतो, तिथं ती गरज आधीच भागलेली असते, म्हणून त्याच्या लक्षात येत नाही. त्यावर इलाज एकच. त्या विशिष्ट शाखेवर, त्याच फाइलसिस्टिमची पूर्ण चाचणी चालवायची आणि मगच पॅच घ्यायचा. एक्सएफएसवाल्यांनी आपोआप निवडले जाणारे पॅच नाकारले आणि प्रत्येक जुन्या शाखेसाठी चाचणी करणारा माणूस नेमला, तेव्हा बऱ्याच जणांना तो हटवादीपणा वाटला होता. आमच्या मते त्यांचंच बरोबर होतं. फाइलसिस्टिमच्या स्टेबल पॅचची निवड शब्द ओळखणाऱ्या यंत्रावर सोडू नये.

उशिरा घेतलेली दुरुस्ती योग्य ठरल्याचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर हा लेख नुसता 'थांबा, थांबा' म्हणत राहील. २०१८च्या अखेरीस ४.१९ कर्नलवर ईएक्सटी४ खराब होत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. सगळ्यांची नजर ईएक्सटी४वर. आठवडे गेले, कोणाकडे होतंय आणि कोणाकडे नाही याचा मेळ बसेना. दोष निघाला ब्लॉक लेयरमध्ये. विनंत्यांचा क्रम लावणारा शेड्युलर 'नन' (म्हणजे बंद) असताना विनंती थेट उपकरणाकडे पाठवली जायची. उपकरण 'व्यस्त' म्हणालं की ती रांगेत परत यायची, पण एससीएसआय थरानं (डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरांच्या थरानं) तोवर तिचे मेमरीचे तक्ते मांडून ठेवलेले असायचे. नंतर त्याच विनंतीत दुसरी विनंती मिसळली की तक्ते खोटे पडायचे आणि भलताच डेटा डिस्कवर जायचा. दुरुस्ती ४.२०च्या आरसी६मध्ये गेली, ४.१९.८मध्येही गेली. उशीर होता, धोका होता, तरी ती घेणंच बरोबर होतं: यंत्रणा समजली होती, बग मुद्दाम घडवून दाखवता येत होता, आणि न घेण्याची किंमत लोक रोज मोजत होते. दोन आठवडे आधी संशयावर ईएक्सटी४चे पॅच मागे घेतले असते तर? बग तिथंच राहिला असता, आणि ईएक्सटी४मध्ये बिनकारणाची उलथापालथ झाली असती. कारण सापडण्याआधीची दुरुस्ती म्हणजे अंदाज. अंदाजाला आरसी६मध्ये जागा नसावी.

बीकॅशएफएस या नव्या फाइलसिस्टिमचा वाद याच रेषेवर झाला. २०२५च्या जूनमध्ये ६.१६च्या आरसी चालू असताना जर्नल मागे फिरवून हरवलेला डेटा परत मिळवण्याची सोय पाठवली गेली. लेखक केंट ओव्हरस्ट्रीट यांचं म्हणणं असं, की फाइलसिस्टिम अजून प्रायोगिक आहे, लोकांचा डेटा अडकला आहे, सुटकेची वाट आज हवी. टोरव्हाल्ड्सचं म्हणणं, ही नवी सोय आहे, दुरुस्ती नव्हे. त्यानं ती घेतली, पण ६.१७च्या मर्ज विंडोत आपली वाट वेगळी होईल असंही सांगून टाकलं. ६.१७मध्ये बीकॅशएफएसवर 'बाहेरून सांभाळली जाणारी' असा शिक्का बसला, आणि ६.१८मध्ये तिचा कोड कर्नलमधून काढून टाकला गेला.

दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्यासारखं आहे. ज्याचा डेटा अडकला आहे त्याला 'दहा आठवडे थांब' हे सांगवत नाही. पण अशी किती माणसं असतात? त्यांच्यासाठी वेगळ्या शाखेवर बांधलेला कर्नल किंवा यूजरस्पेसचं (कर्नलबाहेर चालणारं) साधन देता येतं. ते चालवणारा जाणूनबुजून, आधी डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून चालवतो. तोच कोड मुख्य कर्नलमध्ये टाकला की तो मागितलाच नाही अशा प्रत्येक मशीनवर जातो. सुटकेचा कोड सहसा चालत नाही म्हणून निरुपद्रवी, हा युक्तिवाद फसवा आहे. जो कोड सहसा चालत नाही, तो तपासलाही सहसा जात नाही.

घ्यायचं आणि ठेवायचं यांच्या मधे तिसरी वाट असते, आणि ती पुरेशी वापरली जात नाही. आरसी६ला बग सापडला, पूर्ण दुरुस्ती तीनशे ओळींची आहे. मग आरसी७मध्ये फक्त एवढंच घालायचं: ती चुकीची अवस्था ओळखली की लिहू नका, चूक परत करा, फाइलसिस्टिम बंद करा. एक्सएफएसला शटडाउन आहे, ईएक्सटी४ला फक्त-वाचन माउंटवर जाण्याची सोय आहे. किंवा ती नवी सोय डीफॉल्टनं बंद ठेवा, नाहीतर ज्यानं घोळ घातला तो कमिट सरळ मागे घ्या. दहा ओळींत काम होतं. थांबलेली फाइलसिस्टिम बघून ॲडमिन शिव्या देईल, पण त्याचा डेटा जागेवर असेल. तीनशे ओळी मग पुढच्या मर्ज विंडोत जातात, त्यावर स्टेबलची सीसी ओळ असते, आणि आरसी१ निघाल्यावर त्या स्टेबलमधून आवृत्तीला येऊन मिळतात. म्हणजे फरक पडतो तो काही आठवड्यांचा.

'चाचणी केली' या दोन शब्दांत काय भरलंय हे पुल रिक्वेस्टमध्ये लिहिलेलं असावं. एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम-चाचण्यांच्या संचाचा फक्त झटपट 'क्विक' गट चालवून पाठवलेली दुरुस्ती आरसी६च्या योग्यतेची नाही. 'ऑटो' गट हवा, तोही एकाच मांडणीवर नको; ईएक्सटी४साठी १ केबी आणि ४ केबी ब्लॉक दोन्हींवर हवा, कारण मेमरीचं पान आणि ब्लॉक एकाच आकाराचे असले की कितीतरी बग लपतात. लॉग रिप्लेला हात लागला असेल तर मधेच डिस्क मारणाऱ्या चाचण्या, जेनेरिक/४७५सारख्या, पुन्हा पुन्हा चालवाव्या लागतात. प्रत्येक लेखनाची नोंद ठेवणारं डीएम-लॉग-राइट्स घेऊन प्रत्येक फ्लशपाशी थांबून फाइलसिस्टिम तपासता येते. वीज जाण्याच्या जवळ जाणारी याहून चांगली चाचणी घरबसल्या मिळत नाही.

पुन्हा पुन्हा म्हणजे किती, याला साधं गणित आहे. बग पन्नासांत एकदा दिसत असेल, तर दुरुस्तीनंतर वीस वेळा चाचणी पास झाली याला अर्थ नाही. बग जागेवर असूनही वीस वेळा पास होण्याची शक्यता जवळपास दोन-तृतीयांश आहे. बग गेला असं ९५ टक्के भरवशानं म्हणायला तीनाला त्या प्रमाणानं भागायचं: पन्नासांत एक असेल तर दीडशे सलग पास. शंभरांत एक असेल तर तीनशे. दुरुस्ती शनिवारी लिहिली आणि रविवारच्या आरसीसाठी पाठवली, तर ती तीनशे वेळा चालली नसणार हे तारखा बघूनच कळतं. लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढचे बदल एकत्र तपासण्याच्या शाखेत) ती किमान आठवडाभर होती का, हेही तारखांवरूनच कळतं. मेंटेनर पॅच वाचायच्या आधी तारखा वाचतात ते उगाच नाही.

आता इतवारीतल्या एखाद्या पेढीचा किंवा कॉलेजातला सर्व्हर सांभाळणाऱ्याची बाजू. त्याच्या हातात आरसी नसते, वितरणाचा अपडेट असतो. अपडेट लावण्याआधी गिटमध्ये जुन्या आणि नव्या स्टेबल आवृत्तीमधले कमिट बघावेत, पण फक्त फाइलसिस्टिमच्या फोल्डरमधले नव्हे. आयोमॅप, जेबीडी२, ब्लॉक आणि मेमरीचे फोल्डरही घ्यावेत; वर डेटा बिघडल्याची जी प्रकरणं आली, त्यांची मुळं तिथंच होती. तिथं काही मोठं दिसलं आणि त्या अपडेटमध्ये तातडीची सुरक्षा दुरुस्ती नसेल, तर पुढच्या एक-दोन आवृत्त्या जाऊ द्याव्यात. बॅकअप सात दिवसांत पुसून नवा होत असेल तर तो पुरेसा नाही, कारण शांतपणे बिघडणारा डेटा सहसा महिन्याच्या हिशोबाला उघडतो, आणि तोवर चांगली प्रत पुसली गेलेली असते. महिन्याची एक प्रत वेगळी, चेकसमसकट (डेटा बदलला का हे ओळखू देणाऱ्या आकड्यासकट).

आणि संशय आलाच, तर 'फक्त वाचायला' म्हणून माउंट करून बघण्याचा मोह आवरावा. ईएक्सटी४ असो की एक्सएफएस, फक्त-वाचन माउंटसुद्धा आधी जर्नल रिप्ले करतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. आधी ब्लॉकडेव्ह या आज्ञेनं उपकरणच लेखनबंद करावं, मग पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर. माउंट करायचंच झालं तर ईएक्सटी४ला 'नोलोड', एक्सएफएसला 'नोरिकव्हरी' हा रिप्ले टाळणारा पर्याय द्यावा. तपासणीची साधनं 'एन' हा पर्याय देऊन चालवावीत, म्हणजे ती काय बिघडलंय ते सांगतात आणि हात लावत नाहीत. एक्सएफएस रिपेअर लॉग अस्वच्छ असल्याचं सांगून थांबलं, तर मोठा 'एल' देऊन तो लॉग पुसण्याआधी त्या प्रतिमेचीही एक प्रत काढून ठेवावी.